सांध्यांची नोंद : कोकणातील कातळशिल्पांची जोडचित्रे आणि पाठचिकित्सेची शिस्त

१

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेली हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तिच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला ती एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. पायाशी एक खोदरेषा दिसते. तिच्यामागून चालत गेले की वळण लागते, मध्येच दुसरी रेषा येऊन मिळते, हत्तीच्या देहात सामावलेल्या इतर लहान आकृती लागतात आणि कितीतरी वेळाने हा हत्ती आहे हे मनात जुळते. कातळशिल्प पाहणे ही मुळात चालत चालत करावयाची आणि स्मरणाने सांधावयाची क्रिया आहे. अभ्यासकाच्या टेबलावर, ग्रंथात किंवा प्रदर्शनात मात्र ही आकृती एकसंध चित्राच्या रूपाने येते. असे सूक्ष्म तपशिलाचे चित्र बहुधा एका छायाचित्राचे नसते. एकमेकांवर थोडी थोडी चढणारी अनेक छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने सांधून ते सिद्ध केलेले असते. अशा चित्रास येथे ‘जोडचित्र’ म्हटले आहे.

जोडचित्र ही छायाचित्रणातील एक तांत्रिक सोय आहे, असे सामान्यतः समजले जाते. साहित्याच्या अभ्यासकाचा तिच्याशी संबंध काय, असा प्रश्नही विचारला जाईल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, जोडचित्र ही सिद्ध केलेली संहिता असते. अनेक साक्षींतून एक पाठ निश्चित करण्याचे जे काम ग्रंथाचा संपादक करतो, तेच काम येथे घडते. म्हणून संपादकावर जी बंधने आहेत तीच जोडचित्र प्रसिद्ध करणाऱ्यावरही असली पाहिजेत. आणि ती कोणती हे सांगण्याचा अधिकार व जबाबदारी पाठचिकित्सा शिकविणाऱ्या मराठी विभागांकडे येते.

हा प्रश्न रत्नागिरीच्या संदर्भात विशेष निकडीचा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या स्थानिक शोधकांनी गावोगावचे सडे पायी पालथे घालून ही शिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आणली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला. शोधाचा पहिला टप्पा असा यशस्वी झाला असताना दुसरा टप्पा, म्हणजे नोंदीची शिस्त ठरविण्याचा, आता टाळता येण्यासारखा नाही.

२

प्रथम जोडकामाची रीत समजून घेणे अवश्य आहे. कशेळीच्या आकृतीभोवती थोडी मोकळी जागा धरली तर २० मीटर बाय १५ मीटर क्षेत्र टिपावे लागेल. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या एकाच छायाचित्रात ते बसविले तर एका ठिपक्यात कातळाचा ५ मिलिमीटर भाग येतो. आकृतीची बाह्यरेषा त्यात दिसेल. परंतु खोदरेषेची कड, हत्याराचे घाव, झिजेचे प्रमाण यांपैकी काहीच वाचता येणार नाही. एका ठिपक्यात १ मिलिमीटर आणावयाचा तर प्रत्येक छायाचित्रात ४ मीटर बाय ३ मीटर एवढाच तुकडा घ्यावा लागतो. शेजारची छायाचित्रे निम्म्याने एकमेकांवर चढतील अशी घेतली तर नऊ ओळींत नऊ, म्हणजे एकूण ८१ छायाचित्रे लागतात. कातळाचा बहुतेक प्रत्येक बिंदू त्यांतील किमान चार छायाचित्रांत येतो. दुसऱ्या शब्दांत, बहुतेक प्रत्येक बिंदूला किमान चार साक्षी आहेत.

या साक्षी जुळविण्यामागे भूमितीचे एक सुंदर तत्त्व आहे. वस्तू संपूर्ण सपाट असेल तर कोणत्याही दोन ठिकाणांहून घेतलेली तिची दोन छायाचित्रे केवळ आठ संख्यांनी निश्चित होणाऱ्या एका रूपांतराने परस्परांशी जोडलेली असतात. दोन्ही छायाचित्रांत ओळखता येणारा प्रत्येक समान बिंदू त्यांपैकी दोन संख्यांची माहिती देतो. म्हणजे तिघे एका रेषेत नाहीत असे चार बिंदू मिळाले की काम भागते. व्यवहारात संगणक शेकडो बिंदू शोधतो. असे बिंदू प्रमाण व दिशा बदलली तरी ओळखण्याची डेव्हिड लो यांची पद्धत १९९९ साली मांडली गेली व २००४ साली तिचे सविस्तर रूप प्रसिद्ध झाले. चुकीने जुळलेल्या जोड्या वगळण्यासाठी फिशलर व बोल्स यांची १९८१ची पद्धत उपयोगी पडते. शेवटी सांध्यावरील प्रकाशाचा फरक पुसला जावा म्हणून दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांत विरघळविले जातात. बर्ट व एडलसन यांनी १९८३ साली दाखविलेली रीत यासाठी प्रसिद्ध आहे. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ साली तयार केलेल्या साधनांवर उभी राहिलेली ‘हगिन’ ही विनामूल्य प्रणाली हे सारे काम करू शकते. सामान्य संगणक असलेल्या कोणत्याही महाविद्यालयास जोडचित्र तयार करणे त्यामुळे शक्य झाले आहे.

या प्रक्रियेत निवड कोठे कोठे घडते ते पाहण्यासारखे आहे. कोणते छायाचित्र आधार मानून इतरांना त्याच्या मापात बसवायचे, ही पहिली निवड. जेथे चार छायाचित्रे एकाच बिंदूची साक्ष देतात तेथे कोणाची ग्राह्य धरायची, ही दुसरी. सांधा कोठून न्यायचा, ही तिसरी. दोन साक्षी विसंगत असतील तर त्यांची सरासरी काढायची की एक टाकायची, ही चौथी. आधारप्रत, पाठनिवड, प्रक्षेप, मिश्रपाठ या संज्ञा ज्यांच्या परिचयाच्या आहेत त्यांना या चारही निवडी अनोळखी वाटू नयेत.

३

वर सांगितलेले तत्त्व ‘वस्तू संपूर्ण सपाट असेल तर’ या अटीवर उभे आहे. सडा दुरून सपाट दिसतो; पायांना तो तसा लागत नाही. जांभा पावसाने झिजतो, त्यात खळगे पडतात, उंचवटे राहतात आणि शिल्प म्हणजे तर मुद्दाम केलेली खोली. कॅमेरा ३ मीटर उंचीवर असेल आणि त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून दीड मीटर अंतरावर १० सेंटिमीटरचा उंचवटा असेल, तर छायाचित्रात त्याचा माथा सुमारे ५ सेंटिमीटरने बाहेरच्या बाजूस सरकलेला दिसतो. शेजारच्या छायाचित्रात कॅमेरा उंचवट्याच्या दुसऱ्या अंगाला असतो, म्हणून तेथे तोच माथा उलट दिशेने सरकतो. दोन्ही छायाचित्रे प्रामाणिक आहेत आणि तरीही त्यांचा मेळ बसत नाही. १२ मीटर उंचीवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने तोच तुकडा टिपला तर हे सरकणे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येते. दोष कमी होतो. नाहीसा होत नाही.

त्यात प्रकाशाची भर पडते. खोदरेषा स्पष्ट दिसते ती सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात. माध्यान्हीच्या उन्हात ती जवळजवळ पुसली जाते. ८१ छायाचित्रे घेण्यास तासभर लागला तर पहिल्या व शेवटच्या छायाचित्रातील सावल्या निराळ्या असतात. काम दोन दिवस चालले व दुसऱ्या दिवशीचे तुकडे संध्याकाळी घेतले, तर एका तुकड्यात सावली रेषेच्या डाव्या काठाला आणि शेजारच्या तुकड्यात उजव्या काठाला पडते. सावलीवरून खोली वाचणाऱ्या डोळ्याला एकाच रेषेचा अर्धा भाग खोल व अर्धा उठावाचा भासू शकतो. शिवाय एकास दुसरे, दुसऱ्यास तिसरे असे साखळीने सांधत गेल्यास प्रत्येक सांध्याची बारीक चूक पुढे साठत जाते. सड्यावर प्रत्यक्ष मोजलेली काही अंतरे हाताशी नसतील तर आकृती लांबली की आखडली हे कळण्यास मार्ग उरत नाही.

येथवर हा तंत्रज्ञाचा प्रश्न आहे. पुढे तो अर्थनिर्णयाचा होतो. प्रणाली सांधा लपविण्यासाठी बनविलेली आहे. विसंगत साक्षी समोर आल्या की ती रेषा किंचित वाकविते, कड मृदू करते, दुहेरी रेषेतील एक गाळते. आणि परिणाम डोळ्यास निर्दोष दिसतो. हत्तीचा पाय सांध्यावर तुटला तर पाहणाऱ्यास लगेच खटकते, कारण हत्तीला पाय कोठे असतो हे ठाऊक असते. देवीहसोळ येथील चौकटीत कोरलेल्या गुंतागुंतीच्या अमूर्त आकृतीत मात्र असा कोणताही पूर्वज्ञानाचा आधार नाही. तेथे रेषा एका बोटाने सरकली, दोन वळणे एकमेकांना जोडली गेली किंवा जोडलेली सुटली, तरी ते कोणाला कळणार? म्हणजे जेथे अर्थ आधीच माहीत आहे तेथे चूक पकडली जाते आणि जेथे अर्थ शोधावयाचा आहे तेथेच ती निर्वेधपणे पाठात शिरते. कोकणातील शिल्पांचे खरे कोडे या अमूर्त आकृतींत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या धोक्याचे गांभीर्य लक्षात येईल.

पाठचिकित्सेस हा अनुभव नवा नाही. परिचित शब्दात लेखनिकाची चूक झाली तर ती उघडी पडते. अपरिचित, जुना, अवघड शब्द मात्र तो नकळत सोपा करून टाकतो आणि ओळ सुरळीत वाचली जाते. म्हणूनच अवघड पाठ शक्यतो मूळचा मानावा, असा दंडक संपादकांनी घालून घेतला. सांधे विरघळविणारी प्रणाली ही सोपेपणाकडे झुकणाऱ्या लेखनिकाची आजची आवृत्ती होय. लेखनिकाच्या हस्ताक्षरावरून त्याचा संशय तरी घेता येत असे. प्रणालीचे हस्ताक्षर दिसत नाही.

बारसूच्या सड्यावरील प्रसिद्ध शिल्पात दोन्ही बाजूंस एकेक पशू व मध्ये मनुष्याकृती आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील अशाच रचनेशी तिची तुलना केली जाते. अशी तुलना तपशिलांवर उभी राहते: पशूची जबड्याची ठेवण, हातांची दिशा, रेषांची संख्या. तुलना करणाऱ्यासमोर जोडचित्र असेल, तर यांपैकी एखादा तपशील सांध्यावर आहे किंवा नाही हे त्यास माहीत असणे आवश्यक आहे. शिल्पांच्या काळाविषयी मतभेद असताना तर प्रत्येक तपशिलाचे वजन अधिकच वाढते.

४

अनेक साक्षींतून एक पाठ सिद्ध करताना काय करावे, याचे दोन थोर आदर्श महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. पहिला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा. वि. स. सुखटणकर यांनी १९२५ पासून या कार्याची धुरा वाहिली. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि मूळ संहितेचे काम १९६६ साली सिद्धीस गेले. या आवृत्तीत संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आहे, नाकारलेले पाठ खाली दिले आहेत आणि जेथे निर्णय अनिश्चित वाटला तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ घातली आहे. ही नागमोडी रेघ म्हणजे संपादकीय सचोटीचे चिन्ह आहे. निवड आपण केली, पण तिची खात्री नाही, असे ती वाचकास त्या जागीच सांगते.

दुसरा आदर्श त्याहून कितीतरी जुना आणि मराठीचा स्वतःचा आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर महानुभाव पंथीयांनी ते आठवणींतून पुन्हा उभे केले. निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणात तेच प्रसंग कमीअधिक फरकाने होते. म्हणजे परस्परांवर चढणाऱ्या साक्षी होत्या. ते फरक पुसून एकच गुळगुळीत कथन करणे सोपे होते. परंपरेने तसे केले नाही. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांची वासना, असे नाव घालून भेद जागच्या जागी नोंदविले. श्रद्धेच्या ग्रंथातही सांधा झाकला गेला नाही, किंबहुना श्रद्धेमुळेच तो झाकला गेला नाही. ज्याच्या स्मरणातील शब्द त्याच्या नावे राहावा, ही भावना त्यामागे होती.

याच्या शेजारी एकनाथांनी १५८४ साली सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत ठेवून पाहावी. अपपाठांनी ग्रासलेला ग्रंथ त्यांनी वाचनीय केला. त्या प्रतीचे ऋण मराठी भाषा कधीही विसरणार नाही. तथापि त्यांनी कोणते पाठ पाहिले व कोणते टाळले याची नोंद त्या प्रतीत नसल्यामुळे तिच्यावरून मागे जाता येत नाही. एकनाथांचा हेतू भक्तांच्या हाती निर्दोष ग्रंथ देण्याचा होता आणि तो सफल झाला. संशोधनासाठी केलेल्या जोडचित्राचा हेतू वेगळा असल्याने त्याने मात्र लीळाचरित्राचा मार्ग धरला पाहिजे.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्रंथाची मूळ प्रत हरवलेली असते म्हणून पाठचिकित्सा लागते. येथे तर मूळ शिल्प सड्यावर आहे, शंका आली तर जाऊन पाहावे. हा आक्षेप सडा कायम राहील असे गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. जांभा हा घरबांधणीचा दगड आहे आणि चिरेखाणी सड्यावरच निघतात. रस्ते, बागायती, बांधकामे यांना सडा ही पडीक जागा वाटते. २०२३ साली बारसू परिसरात प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले, ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला आणि त्या वादात कातळशिल्पांच्या भवितव्याचा प्रश्नही पुढे आला. प्रकल्पाविषयी मत काहीही असो. सड्यावरील मूळ साक्ष शाश्वत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. ज्या दिवशी शिल्प नष्ट होईल त्या दिवशी त्याचे जोडचित्र हीच एकमेव प्रत ठरेल, आणि त्यातील सांधे तपासण्याची संधी कायमची गेलेली असेल.

दुसरा आक्षेप असा की, आता सपाटपणाचे गृहीतक न धरता कातळाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते. तेव्हा जोडचित्राची चर्चा कालबाह्य आहे. त्रिमितीय पद्धती अधिक समर्थ आहे हे खरे, आणि शक्य तेथे तीच वापरावी. परंतु तीही अनेक परस्परव्याप्त छायाचित्रांच्या साक्षींतूनच प्रतिकृती बनविते. साक्षी न जुळलेल्या जागी पोकळी भरून काढते. आणि छापण्यासाठी तिच्यावरून जे सपाट चित्र काढले जाते त्यात पुन्हा सांधे येतातच. साधन बदलल्याने संपादकाचे उत्तरदायित्व संपत नाही.

तिसरा आक्षेप अधिक सहृदय आहे. पदरमोड करून, उन्हातान्हात राबून ज्यांनी शिल्पे शोधली त्यांच्यावर ही आणखी बंधने कशाला? बंधने त्यांच्यावर नाहीत. शोधणाऱ्याने शोधले आणि टिपले, यात त्याचे काम झाले. चित्र ग्रंथात किंवा नियतकालिकात छापणारा, त्यावरून सिद्धान्त मांडणारा आणि विद्यार्थ्यांसमोर पुरावा म्हणून ठेवणारा, यांच्यावर ती आहेत. आजवर या मंडळींनी चित्राखाली स्थळाचे नाव घालण्यापलीकडे फारसे काही केलेले नाही, असे म्हणावे लागते.

६

मग करावे काय? प्रत्येक जोडचित्राबरोबर त्याची मूळ छायाचित्रे मूळ रूपात जपून ठेवावीत; जोडकाम झाल्यावर ती काढून टाकणे म्हणजे प्रत तयार झाल्यावर पोथ्या जाळण्यासारखे आहे. जोडचित्राच्या शेजारी सांध्यांचा लहानसा नकाशा छापावा, म्हणजे कोणती रेषा कोणत्या छायाचित्रातून आली ते कळेल. दिनांक, वेळ, सूर्याची दिशा, कॅमेऱ्याची उंची आणि सड्यावर प्रत्यक्ष फीत धरून मोजलेली दोनतीन अंतरे नोंदवावीत. साक्षी विसंगत असलेल्या जागी चित्रावर एखादी खूण करावी. सुखटणकरांची नागमोडी रेघ यासाठी उसनी घेण्यास हरकत नाही. जोडकामाची रीत, प्रणालीचे नाव व आवृत्ती सांगावी. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरून छायाचित्र घेणे कटाक्षाने टाळावे, कारण तेथे वाचकाऐवजी भरणाऱ्याचा हातच पाठ ठरवितो आणि कातळासही इजा पोहोचते.

मराठी विभागांस आणखी एक काम आहे, जे छायाचित्रकार किंवा भूमितिज्ञ करू शकणार नाही. शिल्पे ज्या भूमीवर आहेत तिच्याविषयी गावकऱ्यांची बोली, स्थळनामे, कथा आणि विधी आहेत. कुडोपीच्या स्थळास ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणतात. देवीहसोळचे शिल्प आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ आहे. अनेक ठिकाणी ही कामे पांडवांची मानली जातात. एकाच शिल्पाविषयी एका वाडीतील म्हातारी एक सांगते, दुसऱ्या वाडीतील गुराखी दुसरे सांगतो. त्या साक्षीही परस्परांवर चढणाऱ्या आहेत आणि त्यांची सरासरी काढून ‘लोकमान्यता अशी की’ असे एक वाक्य लिहिणे म्हणजे सांधा विरघळविणेच होय. कोणाचे कथन, कोणत्या वाडीतले, केव्हा ऐकलेले, हे लीळाचरित्राच्या रीतीने नोंदवावे. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून सहज होण्यासारखे आहे, आणि ते या पिढीत झाले नाही तर सांगणारी माणसे उरणार नाहीत.

उक्षी येथे ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन शिल्पाभोवती कठडा बांधला. दगडाचे रक्षण असे गाव करू शकते. नोंदीचे रक्षण विद्यापीठाने करावयाचे आहे. एकसंध दिसणारे चित्र डोळ्यास सुखावते हे खरे. परंतु कशेळीच्या सड्यावर चालणाऱ्यास हत्ती एकसंध कधीच दिसत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. वर्गात ते चित्र लावताना विद्यार्थ्यास या जुळणीची वाट दाखविणे, सांधे कोठे आहेत ते सांगणे आणि मग त्यास स्वतः वाचू देणे, एवढी अपेक्षा अध्यापकाकडून करणे अवाजवी ठरू नये.